आईची टेस्ट झाली म्हणजे पिल्लांची झाली नाही

मंडळी, मागच्या आठवड्यात इथे रामबागेतल्या वाड्यांच्या आठवणी निघाल्या. ओटला, आड, मागच्या अंगणातला पेरू, आणि ओघाने मांजरं. एका दादांनी लिहिलं, "आमच्या वाड्यात एका वेळी नऊ नऊ मांजरं असायची. कधी डॉक्टर नाही, कधी सुई नाही, सगळी ठणठणीत. आता मेली ही नवी थेरं." खाली बदामांचा पाऊस. मीही सवयीने एक बदाम टाकला. रात्री दोन वाजता उठून तो काढला.

काढला, कारण ते खरं नाही. दादा खोटं बोलले असं मी म्हणत नाही, ते वयाने मोठे आहेत आणि त्यांना नऊ मांजरं दिसली ती दिसलीच असणार. पण जी उरली नाहीत त्यांचं काय?

आमच्याही वाड्यात मनी होती. वर्षातून दोनदा धान्याच्या कोठीमागे व्यायची. चार पिल्लं, कधी पाच. आम्ही पोरं त्यांची नावं ठेवायचो, कोण कुणाचं ते वाटून घ्यायचो. महिन्याभरात त्यातलं एक उरायचं, फार तर दोन. बाकीच्यांचं काय झालं याची उत्तरं तयार असायची. बोक्याने खाल्लं. कुत्र्याने नेलं. दृष्ट लागली. आणि सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं, "वाळत गेलं बिचारं." आजी पेरूखाली खड्डा करून वर वीट ठेवायची. त्या विटा मला अजून दिसतात. पेरूच्या बुंध्याशी इतक्या विटा होत्या की एक वर्षी त्यांवर तुळशीची कुंडी बसवली आणि विटा कुठून आल्या हे कुणी बोललं नाही.

तर त्या नऊ मांजरांच्या मागे किती विटा होत्या ते दादांनी मोजलं नसेल. आम्हीही नाही मोजलं. ती सगळी पिल्लं एकाच आजाराने गेली असं मी अजिबात म्हणत नाही. जंत होते, पिसवा होत्या, थंडी होती, बोका खरंच होता. पण "वाळत गेलं" हे कारण नाही, ते आपल्या अज्ञानाचं नाव आहे, आणि त्या अज्ञानाचं आज आपण कौतुक करतो आहोत.

ज्या आजाराबद्दल मला बोलायचं आहे तो मांजरांचा ल्युकेमिया. नाव कॅन्सरचं, पण मूळ विषाणू. 1964 साली ग्लासगो विद्यापीठात विल्यम जॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो गाठींच्या कॅन्सरने आजारी असलेल्या मांजरांत सापडला. तो थुंकीतून जातो. एकमेकांना चाटणं, एका वाटीत खाणं, पिल्लांना पाजणं. पोटात असतानाच आईकडूनही जातो. म्हणजे मांजरं जे जे मायेने करतात त्या सगळ्यातून. भांडणातल्या चाव्यातूनही जातो, पण भांडण आपल्याला दिसतं, माया दिसत नाही. त्याने रक्त कमी होतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, प्रतिकारशक्ती जाते, साधी सर्दीही हटत नाही, काहींना गाठी होतात. गाभण मांजरीला असेल तर गर्भ पडतात, पिल्लं मेलेली जन्मतात, नाहीतर जन्मून वाळत जातात. हो, वाळत जातात.

मोठ्या धडधाकट मांजराचं शरीर पुष्कळदा या विषाणूला रोखून धरतं. पिल्लाचं नाही धरू शकत. जितकं लहान तितका धोका जास्त. आपण म्हणतो ना, मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते. त्या सात घरांतल्या सात वाट्या आठवा.

आता माझी गोष्ट. मला ती सांगायची नव्हती, पण दादांना उत्तर द्यायचं तर ती लपवून देता येणार नाही.

2022 च्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतला एक वाडा पाडायला घेतला. इंदूर सफाईत पहिलं आल्याच्या पाट्या आपण कौतुकाने वाचतो, पण वाडा पडला की त्यातली मांजरं कुठे जातात हे कुठल्या पाटीवर नसतं. जिन्याखाली एक तपकिरी ठिपक्यांची मांजरी तीन आठवड्यांच्या चार पिल्लांना घेऊन बसलेली. वर हातोडा चालू. मी टोपली घेऊन गेले आणि पाचही जणांना घरी आणलं. आईचं नाव ठकी ठेवलं, कारण पहिल्याच दिवशी तिने माझ्या ताटातली पोळी पळवली.

दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांकडे नेलं. माझ्या मनात होतं की सगळ्यांची तपासणी करावी. तिथला मदतनीस म्हणाला, "माँ निगेटिव आई है ना आंटीजी, तो बच्चे भी निगेटिव ही समझो. इतने छोटे बच्चों का खून क्यों निकालना." मला ते पटलं. खरं सांगायचं तर पटलं नाही, सोयीचं वाटलं. एका टेस्टला हजाराच्या वर पैसे पडत होते आणि पुढे चार पिल्लं होती. घरी येऊन मी निवांत चहा प्यायले.

एक पिल्लू चौथ्याच दिवशी गेलं. मी म्हटलं, अशक्त होतं. बघा, तीच आजीची भाषा.

उरलेली तीन नऊ आठवड्यांची झाल्यावर मी सगळ्यांना निरोप पाठवला. फोटो, नावं, आणि खाली लिहिलं, "टेस्ट केलेली, गुणी पिल्लं. चांगलं घर हवं." हे "टेस्ट केलेली" मी लिहिलं. कुणी लिहायला सांगितलं नव्हतं. एक पिल्लू यांच्या ऑफिसातल्या एकांकडे गेलं, एक देवासला, आणि बुंदी, सगळ्यांत गोड, माझ्या नणंदेकडे लोकमान्य नगरात. वन्सं एकट्या राहतात. त्यांच्याकडे अकरा वर्षांचा सोनू होता. मेव्हण्यांच्या मागे घरात जे काही बोलणं उरलं होतं ते त्या सोनूशीच.

सहा महिन्यांनी त्यांचा फोन आला. "वहिनी, हिच्या हिरड्या बघायला या हो. चुन्यासारख्या झाल्यात."

बुंदीची टेस्ट पॉझिटिव्ह आली. खात्रीसाठी रक्त बाहेरगावच्या लॅबला पाठवलं, तेही पॉझिटिव्ह. तीन आठवडे वन्संनी तिला ड्रॉपरने भरवलं. शेवटच्या दिवसांत ती सोनूच्या पोटाशी जाऊन झोपायची, आणि आम्ही तिला तिथून उचलून वेगळ्या खोलीत ठेवायचो, आणि ती दाराशी ओरडायची. सहा महिने तो तिला चाटत होता. आता उचलून काय उपयोग होता, पण उचलायचो.

ती गेल्यावर वन्संनी मला एवढंच विचारलं, "तुम्ही टेस्ट केली म्हणाला होतात ना?"

मी म्हणाले, "केली होती. आईची."

त्यानंतर आठ महिने त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. दिवाळीला फराळाचा डबा आला, पण भाच्याच्या हाती.

ठकीला मी बुंदीचा निकाल आला त्याच आठवड्यात पुन्हा नेलं. पॉझिटिव्ह. पुन्हा बाहेर पाठवलं, पॉझिटिव्ह. मग पहिल्या वेळी निगेटिव्ह कशी आली? ती माझ्या घराबाहेर पडलीच नव्हती. या वेळी मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले होते, त्यांनी शांतपणे समजावलं. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर, असं मी म्हणणार नाही. मी विचारलं नव्हतं.

ती जी छोटी पट्टी किंवा डबी असते, तीन-चार थेंब रक्त आणि दहा मिनिटं, ती रक्तात विषाणूचं एक प्रथिन शोधते. विषाणू शरीरात शिरल्यापासून ते प्रथिन रक्तात दिसेपर्यंत वेळ जातो, साधारण तीस दिवसांपर्यंत. या मधल्या काळात टेस्ट केली तर ती निगेटिव्ह येते आणि आपण चहा पितो. रस्त्यावरून, पडक्या वाड्यातून उचललेल्या मांजरीला लागण कधी झाली असेल हे देवाला माहीत. त्यामुळे पहिली निगेटिव्ह ही अर्धीच टेस्ट. तिला आणि पिल्लांना घरातल्या इतर मांजरांपासून वेगळं ठेवून एक ते दोन महिन्यांत दुसरी करायची, तेव्हा ती पूर्ण झाली. ठकी बहुधा त्या मधल्या काळातच सापडली होती.

दुसरी गोष्ट मला त्याहून जास्त लागली. आईवरून पिल्लांचं ठरवताच येत नाही. आई पॉझिटिव्ह असेल तर सगळ्या पिल्लांना संशयित धरायचं, पण तरी त्यातली काही निगेटिव्ह निघू शकतात. आणि आई निगेटिव्ह आली तरी पिल्लं पॉझिटिव्ह निघू शकतात. विषाणू काही मांजरींच्या रक्तात दिसत नाही पण शरीरात दबा धरून असतो, आणि रक्तात नसलेल्या मांजरीच्या दुधातून तो पिल्लांना गेल्याची नोंद शास्त्रज्ञांनी केलेली आहे. असं क्वचित होतं. पण "माँ निगेटिव तो बच्चे निगेटिव" हे वाक्य ज्या आत्मविश्वासाने बोललं जातं तो क्वचित नसतो, तो रोजचा आहे. अमेरिकेतल्या मांजरांच्या डॉक्टरांच्या संघटनेने 2020 साली या विषाणूंबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत साफ म्हटलं आहे की प्रत्येक मांजराची तपासणी वेगळी. आईची करून पिल्लांची धरायची नाही, आणि तीन पिल्लांचं रक्त एकत्र करून एका पट्टीवर टाकायचं नाही. हे दुसरं मी मुद्दाम लिहिते, कारण पैसे वाचवायला हा तोडगा मला एका भल्या बाईंनी सुचवला होता आणि मी हसून "वा" म्हणाले होते.

"पण पिल्लू फार लहान आहे, आईचं दूध पितं, टेस्ट चुकीची येईल" हेही ऐकलं असेल. यात दोन टेस्टची खिचडी झालेली आहे. बहुतेक ठिकाणी एकाच डबीत दोन आजार तपासतात, ल्युकेमिया आणि एफआयव्ही, ज्याला लोक मांजरांचा एड्स म्हणतात. एफआयव्हीची टेस्ट विषाणूला नाही, त्याच्याविरुद्धच्या प्रतिपिंडांना पकडते. ती प्रतिपिंडं आईच्या दुधातून पिल्लात येतात आणि काही महिने राहतात. म्हणून लहान पिल्लाची ती बाजू पॉझिटिव्ह आली तर घाबरायचं नाही, सहा महिन्यांचं झाल्यावर पुन्हा बघायचं. ल्युकेमियाची बाजू विषाणूचंच प्रथिन शोधते, तिला आईच्या दुधाने फरक पडत नाही. कुठल्याही वयाच्या पिल्लाची ती करता येते. एका टेस्टचं कारण दुसरीला लावून आपण दुसरी टाळतो, आणि वर शास्त्र सांगितल्याचं समाधान.

आणखी एक घोळ. "आमच्या माऊला तिन्ही लसी दिल्यात, ल्युकेमिया होणारच नाही." आपल्याकडे सर्रास देतात त्या तीन आजारांच्या लसीत पॅनल्युकोपेनिया असतो आणि सर्दीचे दोन विषाणू असतात. पॅनल्युकोपेनिया वेगळा, ल्युकेमिया वेगळा. नावं जुळ्या भावांसारखी आहेत म्हणून आजार एक होत नाही. ती लस द्याच, पिल्लांना तो पॅनल्युकोपेनियाही झपाट्याने मारतो. पण तिच्या भरवशावर टेस्ट सोडू नका.

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांशी भांडते, कारण ते मला दादांपेक्षा जास्त भयंकर वाटतात.

ठकीचा निकाल कळल्यावर निदान पाच जणांनी मला सांगितलं, "झोपवून टाका." हा शब्दही बघा. मारून टाका म्हणवत नाही. आपल्या लोकांत मांजर मारणं महापाप, सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं असं आजी सांगायची. तर मारायचं नाही, झोपवायचं, तेही डॉक्टरच्या हाताने, म्हणजे सोनं वाचलं. एकीने तर पहिल्याच पट्टीवर, लॅबचा निकाल यायच्या आधी सांगितलं. ती फिकट रेघ, दहा मिनिटांची, आणि तिच्यावर फाशी.

एका पट्टीवर कुणाचाही निवाडा होत नाही. पॉझिटिव्ह आली तर दुसऱ्या पद्धतीने खात्री करायची. त्याउपर वेळ द्यायचा, कारण काही मांजरांचं शरीर विषाणूला नंतर मागे रेटतं, रक्तात तो दिसेनासा होतो. पूर्ण जात नाही, पण दबून राहतो आणि ती मांजरं पुढे बरीच वर्षं चांगली जगू शकतात. ज्यांच्या रक्तात तो कायमचा राहतो त्यांचं आयुष्य कमी होतं, बरीचशी दोन-तीन वर्षांत जातात, हे मी गोड करून सांगणार नाही. पण दोन-तीन वर्षं मांजराच्या आयुष्यात लहान नसतात. आणि त्याच अमेरिकन तत्त्वांमध्ये हेही आहे की केवळ टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून मांजराला मारू नये.

ठकी आजही आमच्या मागच्या खोलीत आहे. नसबंदी झालेली, बाहेर सोडत नाही, तिची वाटी वेगळी, तिची माती वेगळी. दर सहा महिन्यांनी डॉक्टर. मागच्या हिवाळ्यात तोंड आलं होतं, बरी झाली. सध्या तिचा उद्योग म्हणजे खिडकीत बसून समोरच्या बिल्डिंगच्या कबुतरांना शिव्या देणं. त्या बिल्डिंगच्या जागी तिचा वाडा होता. तिला ते माहीत नाही, मला माहीत आहे.

तर एकीकडे "टेस्टबिस्ट काही नको" आणि दुसरीकडे "पॉझिटिव्ह ना, मग झोपवा." वरवर ही दोन टोकं. पण मला ही एकच माणसं वाटतात. दोघांनाही मांजराची खोली झाडायची नाहीये. पहिल्यांना माहीतच करून घ्यायचं नाही, दुसऱ्यांना माहीत झाल्यावर काही करायचं नाही. डोळे मिटून दूध पिते म्हणून आपण मांजरीला नावं ठेवतो.

तिसरी एक भीती असते, तिच्यावर मी चिडत नाही, कारण ती खरी असते. आमच्या शेजारच्या काकूंनी सुनेला दिवस गेल्यावर मला विचारलं, "तुमच्या त्या मांजरीला रक्ताचा कॅन्सर आहे म्हणे, आमच्या सुनेला काही?" नाही, काकू. हा विषाणू माणसाला होत नाही, कुत्र्यालाही नाही. शरीराबाहेर तो फार टिकत नाही, साबणाच्या पाण्याने मरतो. ठकीला हात लावून हात धुतले की तो तुमच्या अंगणातल्या माऊपर्यंतही जायचा नाही. गरोदर बाईने मांजराची माती साफ करू नये असं डॉक्टर सांगतात ते वेगळ्या जंतूसाठी, त्याचा याच्याशी संबंध नाही. काकूंनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी ठकीसाठी मलईची वाटी पाठवली. सगळेच असे असते तर हे लिहावं लागलं नसतं.

राहता राहिला पैसा. इथे मला दादांशी प्रामाणिक राहिलं पाहिजे. तीन पिल्लं आणि आई, प्रत्येकी दोनदा, म्हणजे आठ टेस्ट. लहान रक्कम नाही. ज्या मुली नोकरी करून गल्लीतली पंधरा-वीस मांजरं सांभाळतात त्यांना "सगळ्यांची टेस्ट करा" असं ओट्यावर बसून सांगणं सोपं आहे. त्यांना मी सांगत नाही. मी आपल्याला सांगते. आपण, जे मुंजीत तीनशे पानं उठवतो, गणपतीत आरास बदलतो, आणि पिल्लू "फुकट" मिळालं म्हणून आनंदाने नेतो. पिल्लू नेणाऱ्याने त्याच्या दुसऱ्या टेस्टचे पैसे द्यावेत, असा साधा रिवाज का पडू नये? लग्नात आहेराची यादी करणारी माणसं आपण, हिशेब आपल्याला येत नाही असं नाही. पैसे खरंच नसतील तर निदान नवं मांजर महिना-दोन महिने वेगळं ठेवा, वाटी वेगळी, माती वेगळी. त्याला पैसे लागत नाहीत, एक खोली लागते, आणि नाही म्हणायची तयारी लागते. कुणी पिल्लू मागायला आलं की "आत्ता नाही" म्हणणं आपल्याला जमत नाही, हा माझा अनुभव.

शिवाय हा खर्च वाया जातो असंही नाही. या आजारावर पहिली लस अमेरिकेत 1985 साली आली. पण त्याच्या आधीच परदेशांत जातिवंत मांजरं पाळणाऱ्यांनी निव्वळ तपासणी आणि वेगळं ठेवणं या दोनच गोष्टींनी आपल्या घरांतून हा आजार हटवला होता. काही नवं लागलं नाही. रक्ताचे चार थेंब आणि एक बंद दार. आपल्याकडे महूला पशुवैद्यकाचं अख्खं कॉलेज आहे, इंदुरात गल्लोगल्ली प्राण्यांचे दवाखाने झालेत, आणि आपण अजून "आमच्या वाड्यात कुठे होतं" यावर अडलेलो.

बुंदीच्या दोन भावंडांबद्दल विचाराल. ऑफिसातल्यांकडचं पिल्लू दोन्ही वेळा निगेटिव्ह आलं, मस्त आहे, आता बोका झालाय. देवासच्या घरी मी तीनदा फोन केला, टेस्टचे पैसे मी देते म्हटलं. ते म्हणाले, "आमचं मांजर ठणठणीत आहे हो, उगाच सुई कशाला." तेच दादांचं वाक्य. त्यांचं मांजर बाहेर फिरतं, शेजारी दोन घरी त्याला दूध मिळतं. मी आता फोन करत नाही. करायला हवा.

सोनूची टेस्ट वन्संनी स्वतःच करून घेतली, मला न सांगता. दोन महिन्यांच्या अंतराने दोनदा, दोन्ही निगेटिव्ह. मोठं शरीर, रोखून धरलं असेल त्याने. हे मला भाच्याकडून कळलं आणि मी देवापुढे साखर ठेवली. नंतर एकदा एका लग्नात वन्संची माझी समोरासमोर गाठ पडली. त्या म्हणाल्या, "ठकी कशी आहे?" मी म्हटलं, "खाते-पिते." त्या म्हणाल्या, "बरं." तेवढंच, पण आठ महिन्यांनंतर तेवढं पुष्कळ होतं. आता अधूनमधून फोन होतो. पिल्लांचा विषय आम्ही दोघीही काढत नाही.

तर दादा, तुमच्या नऊ मांजरांना माझा नमस्कार. तुमच्या अंगणात झाड कुठलं होतं ते आठवून बघा, आणि त्याच्या खाली काय होतं तेही. तुमच्यावर राग नाही. राग असलाच तर त्या दोन शब्दांवर आहे, "टेस्ट केलेली", जे मी स्वतः टाइप केले होते. हल्ली पिल्लांचे फोटो टाकताना सगळेच हे लिहितात. मी आता प्रत्येक वेळी खाली विचारते, कुणाची? आईची की पिल्लाची? किती तारखेला? दुसरी झाली का? लोकांना राग येतो. एकीने मला लिहिलं, "ताई, तुम्ही पुण्यकर्मात खोडा घालता." घालते.

मागच्या महिन्यात जुन्या किराणा दुकानाच्या माळ्यावरून आणखी एक मांजरी आलीय, तीन पिल्लांसकट. वरच्या खोलीत ठेवलंय, ठकीच्या वाऱ्यालाही नाही. चौघांची पहिली टेस्ट वेगवेगळी झाली, चारही निगेटिव्ह. दुसरी येत्या 14 तारखेला आहे. दोन जणांनी आत्ताच पिल्लू मागितलंय, त्यातल्या एक आपल्यातल्याच आहेत आणि हे वाचत असणार. 14 नंतर बोलू. आणि तोवर बघायला म्हणून घरी आलात तर चहा मिळेल, वरच्या खोलीची किल्ली मिळणार नाही.